सेवासदन, पुणे

स्त्रियांना शिक्षण देऊन स्वावलंबी व सेवाक्षम करण्याच्या हेतूने पुणे येथे १९०९ मध्ये स्थापन झालेली संस्था. मुंबईच्या सेवासदनाची शाखा म्हणून तिचा आरंभ झाला व पुढे ती स्वतंत्र झाली. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) या तिच्या संस्थापक-अध्यक्षा, तर भारत सेवक समाजाचे सदस्य गोपाळ कृष्ण देवधर (१८७१–१९३५) हे तिचे प्रमुख संघटक होत.

बेहरामजी मलबारी (१८५३–१९१२) व दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईस सेवासदन स्थापन केले. धर्म व जात यांचा भेद न मानता समाजसेवा करणाऱ्या भगिनींचा संघ, अशी त्यामागील कल्पना होती. त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनानंतर (१९०१) रमाबाई पुण्यास राहत असत. शाखेचे काम त्यांनी तेथील रानडे यांच्या वाड्यातच सुरू केले.

मुंबईची कल्पना पुण्यात आली, तरी तिला तेथील गरजेप्रमाणे निराळे रूप मिळाले. सेवा करण्यास भगिनी हव्या होत्या. परंतु प्रौढ स्त्रियांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. लहान मुलींच्या शाळेत त्यांना स्थान नव्हते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० पासून पुण्याबाहेर हिंगणे येथे होता. घरसंसार सांभाळणाऱ्या स्त्रीस मात्र शहरातच व सवडीच्या वेळी शिकता येणे आवश्यक होते. ही उणीव सेवासदनाने भरून काढली. घरकाम आटोपल्यावर दुपारी येणाऱ्या विवाहित व विधवा स्त्रियांना तेथे लेखन, वाचन, गणित, शिवणकाम इ. विषय शिकविले जात. स्वतः रमाबाईंचे शिक्षण विवाहानंतर (१८७३) पतीच्या प्रेरणेने व घरातील स्त्रियांचा विरोध सोसून झाले होते. त्यामुळे अशा विद्यार्थिनींच्या अडचणी त्यांना अनुभवाने ज्ञात होत्या.

संस्थेची वाढ या प्राथमिक वर्गांतूनच झाली. साक्षर झालेल्या स्त्रीस उपजीविकेचे साधन मिळावे, म्हणून अध्यापन व रुग्णपरिचर्या या दोन व्यवसायांकडे लक्ष देण्यात आले. मुलींच्या शाळांना शिक्षिकांची गरज होती. त्यासाठी अध्यापिका-प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. परिचारिकांच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयाचे सहकार्य घेण्यात आले. परक्या रुग्णांची, विशेषतः पुरुषांची, शुश्रूषा करणे हे त्या काळी उच्चवर्णीय स्त्रीस, त्यातही विधवेस, कमीपणाचे मानले जाई. अशा कुटुंबांतील स्त्रिया या व्यवसायात याव्यात म्हणून घरोघर जाऊन मन वळवावे लागे. बाहेरगावच्या विद्यार्थिनींसाठी काढलेल्या वसतिगृहाचे महत्त्व केवळ निवासापुरते नव्हते. रमाबाईंच्या देखरेखीमुळे पालकांचा विश्वास संपादन होई आणि एकत्र राहणाऱ्या विद्यार्थिनींना परस्परांचा आधार मिळे. संघटना, निधिसंकलन व शासनाशी व्यवहार ही बाजू देवधरांनी सांभाळली.

रमाबाईंच्या सार्वजनिक कार्यालाही सेवासदनाचे पाठबळ लाभले. पुण्यात मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे व स्त्रियांना मताधिकार मिळावा, यांसाठी झालेल्या चळवळींत त्यांनी पुढाकार घेतला. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. तथापि संस्थेचे कार्य खंडित झाले नाही. सोलापूर, नागपूर इ. ठिकाणीही सेवासदनाचे कार्य सुरू झाले. भारतीय टपाल खात्याने १९६२ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

सेवासदनाचे वैशिष्ट्य असे, की आश्रित म्हणून आलेल्या स्त्रीस त्याने शिक्षिका वा परिचारिका म्हणून समाजात परत पाठविले. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्रीने घराबाहेर पगारी काम करणे प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले, त्यात या संस्थेचा वाटा मोठा आहे.