टोमॅटोचे पान आणि अळी

मी कलाशाखेचा विद्यार्थी. विज्ञानावर लिहिणे म्हणजे आगाऊपणाच. पण आमच्या टोमॅटोवर अळी पडली, की वडील फवारणीचा पंप पाठीवर घेतात, म्हणून हा विषय जवळचा. झाड काही निमूट बसत नाही. अळीने पान कुरतडताच त्यात जास्मोनिक आम्ल हे संप्रेरक वाढते. (त्याचा सुगंधी भाऊबंद चमेलीच्या तेलात असतो!) त्याच्या इशाऱ्याने पानात अशी प्रथिने साठतात, की अळीला खाल्लेले पचत नाही, तिची वाढ खुंटते. न कुरतडलेल्या पानांतही ही प्रथिने साठतात, हे अमेरिकेत ग्रीन व रायन यांनी १९७२ मध्ये दाखविले. मात्र त्याला काही तास लागतात, झाडाची वाढही मंदावते. तोवर अर्धे पान फस्त! वडिलांचा पंप अजून माळ्यावर गेलेला नाही.