पीळ डावा, पीळ उजवा

सायकलचं डावं पेडल बसवताना पहिल्यांदा जवळजवळ सगळेच फसतात, कारण त्याचे आटे उलटे असतात. ते पेडल कसंही फिरवून धरा, डावा पीळ उजवा होत नाही. आरशात तेवढा होतो. प्रयोगशाळेत घडवलेल्या मळसूत्री रेणूंचंही तसंच आहे.

पहिला गैरसमज असा, की पीळ यायला रेणूत असममित कार्बन अणू हवाच. वस्तुस्थिती वेगळी आहे. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ज्याँ-मारी लेन यांच्या गटानं 1987 साली बायपिरिडीन या नायट्रोजनयुक्त घटकाच्या साखळ्या आणि तांब्याचे आयन एकत्र केले. या आयनाला भोवती चार नायट्रोजन लागतात, तेही चौफलकाच्या कोपऱ्यांवर. दोन एका साखळीचे, दोन दुसरीचे. ही बैठक साधताना दोन्ही साखळ्या एकमेकींना पीळ घालतात. साखळी मुळात ना डावी ना उजवी, म्हणून दोन्ही पीळ निम्मेनिम्मे होतात.

रेणू आपला जोडीदार ‘ओळखतात’, असंही सर्रास म्हटलं जातं. खरं काम करतो तो बंधाचा सैलपणा, आणि मला या विषयात सर्वांत सुंदर तोच वाटतो. तांबं आणि नायट्रोजन जुळतात, सुटतात, पुन्हा जुळतात. विजोड जोडी कमी स्थिर, म्हणून ती टिकत नाही. 1993 मध्ये लेन यांच्या गटानं वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्या एकाच भांड्यात घातल्या; शेवटी सारख्या लांबीच्याच जोड्या उरल्या. बंध पहिल्याच फटक्यात कायमचा बसला असता, तर नुसता गुंता झाला असता.

मग डावा नेहमी डाव्याकडेच जातो का? नाही. साखळीतच डावा-उजवा भेद असेल आणि मिश्र जोडी धातूभोवती अवघडत असेल, तर एकाच हाताच्या जोड्या जमतात. मिश्र जोडी अधिक सोयीची असेल, तर तीच जमते. स्फटिकांत तर बहुतेकदा दोन्ही हात शेजारी बसतात. 1848 मध्ये लुई पाश्चर यांनी टार्ट्रेटच्या एका क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्यानं निवडले, तो अपवाद. तोही थंड हवामानामुळे साधला: सुमारे 27 अंश सेल्सियसच्या वर तोच क्षार दोन्ही हात एकाच स्फटिकात घेऊन बसतो.

राहिला शेवटचा समज, की साखळ्यांच्या एकाच हाताच्या जोड्या जमल्या म्हणजे एकाच हाताचा शुद्ध पदार्थ मिळाला. पण डाव्या-उजव्या साखळ्यांच्या समसमान मिश्रणातून डाव्या जोड्या जितक्या, उजव्याही तितक्याच होतात. त्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला, तर त्याची दिशा जराही वळत नाही.