मधुमेह नाही, तरी मधुमेहाची गोळी?

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आता मधुमेह नसलेले काही लोकही घेतात, म्हातारपण लांबणीवर पडावं म्हणून. या आशेला बळ मिळालं २०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासातून. मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, मधुमेह नसलेल्या त्याच वयाच्या लोकांपेक्षा जास्त जगतात, असं त्यात दिसलं. पण त्यातली मोजणी कशी झाली ते पाहायला हवं. गोळी नुकतीच सुरू झालेले रुग्ण निवडले गेले आणि पुढे ज्यांचं औषध बदललं, त्यांची गणती तिथेच थांबली. म्हणजे आजार बळावलेले बरेच जण हिशेबातून गळले. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवर हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा तो फायदा दिसला नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देणं, यावाचून खात्रीचा मार्ग नाही.

गोळी स्वस्त आहे, कोट्यवधी लोक वर्षानुवर्षं घेताहेत, मग चाचणीसाठी थांबायचं कशाला, असं कुणी म्हणेल. आक्षेप वजनदार आहे. मात्र या गोळीची सुरक्षितता मधुमेह्यांमध्ये पारखलेली आहे. त्यांना साखर आटोक्यात येण्याचा मोबदला मिळतो, निरोगी माणसाला तो नाही. अमेरिकेत पासष्टीपुढच्या निरोगी लोकांकडून १४ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. या वयात स्नायू म्हणजे खुर्चीच्या हातांचा आधार न घेता उठता येणं. ब्रिटनमध्ये स्नायू झिजलेल्या ७२ वृद्धांना चार महिने गोळी देऊनही चालण्याचा वेग वाढला नाही. शिवाय या गोळीने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ते मुळातच तुटपुंजं असतं.

अमेरिकेत ६५ ते ७९ वयाच्या ३,००० लोकांवर अशीच सहा वर्षांची ‘टेम’ चाचणी आखली गेली. हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश, मृत्यू लांबणीवर पडतात का, हे तीत मोजायचं आहे. अडलं ते पैशावर. पेटंट कधीच संपलेल्या गोळीत कंपन्यांना नफा नाही. हा खर्च सरकारी तिजोरीतूनच व्हायला हवा. आणि त्या चाचणीत आयुष्याच्या वर्षांइतकंच वजन उठण्या-चालण्याच्या ताकदीलाही मिळायला हवं.