पंच, कॅमेरा आणि सेकंदाचा पन्नासावा भाग

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे १४ नोव्हेंबर १९९२ रोजी भारताचा कसोटी सामना चालू होता. धाव घेण्यासाठी पुढे आलेला सचिन तेंडुलकर अर्ध्यातून मागे फिरला. तेवढ्यात जाँटी ऱ्होड्सने फेकलेला चेंडू घेऊन अँड्र्यू हडसनने यष्टी उडवली. पंच सिरिल मिचली यांनी निर्णय टीव्हीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे सोपवला. पुन्हा दाखवलेल्या चित्रणावरून तेंडुलकर बाद ठरला. अशा रीतीने बाद ठरलेला तो कसोटी क्रिकेटमधील पहिला फलंदाज होय.

फुटबॉलने मात्र ही मदत बरीच वर्षे दूर ठेवली. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डने मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या स्पष्ट आत पडला आणि उसळून बाहेर आला. लक्षावधी लोकांनी ते टीव्हीवर पाहिले. पंचांना ते दिसले नाही आणि गोल मिळाला नाही. पुढे २०१४ च्या विश्वचषकात गोलरेषेवर नजर ठेवणारे कॅमेरे आले आणि २०१८ मध्ये व्हिडिओ पाहणारा साहाय्यक पंच आला.

मग सगळेच निर्णय कॅमेऱ्यावर का सोपवू नयेत? याचे उत्तर शोधण्यासाठी कॅमेरा कसा पाहतो ते समजून घेतले पाहिजे.

कॅमेरा सलग पाहत नाही. तो ठरावीक अंतराने स्थिर चित्रे घेतो. सेकंदाला २५ चित्रे घेणारा कॅमेरा आहे असे समजा. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारा चेंडू एका सेकंदात २५ मीटर जातो. म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये तो पूर्ण १ मीटर पुढे सरकतो. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर असतो. तेव्हा चेंडू रेषा ओलांडून परत आला, तरी तो क्षण एकाही चित्रात सापडणार नाही असे घडू शकते. म्हणूनच २०१४ साली प्रत्येक गोलासाठी सात वेगवान कॅमेरे लावले होते.

ऑफसाइडचा प्रश्न याहून नाजूक आहे. सहकाऱ्याने चेंडूला पाय लावला, नेमक्या त्या क्षणी कोण कोठे होता हे तेथे पाहायचे असते. आक्रमक सेकंदाला ७ मीटर वेगाने पुढे आणि बचावपटू ५ मीटर वेगाने उलट दिशेने धावत असेल, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला १२ मीटरने बदलते. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात हा फरक २४ सेंटिमीटर होतो! चित्र एकाने मागेपुढे निवडले तर निकाल उलटू शकतो. म्हणून २०२२ च्या कतारमधील विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे बसवले. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंच्या जागा सेकंदाला ५० वेळा नोंदवत. चेंडूमध्येही एक संवेदक होता. तो सेकंदाला ५०० वेळा संदेश पाठवी. त्यामुळे पाय केव्हा लागला हे पुष्कळच अचूक कळू लागले.

येथपर्यंतचे प्रश्न मोजण्याचे होते. आता वेगळा प्रश्न पाहा. चेंडू हाताला लागला की हात मुद्दाम लावला? पाय अडकला की अडकवला? हे कोणत्याही मोजपट्टीने मोजता येत नाही. उलट चित्रण संथ गतीने दाखवले की तीच कृती अधिक हेतुपूर्वक केल्यासारखी वाटते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनात आढळले. खेळाडूला विचार करायला जेवढा वेळ खरोखर मिळाला, त्याहून जास्त मिळाला असे पाहणाऱ्याला वाटू लागते.

म्हणून मोजण्याची कामे यंत्राला द्यावीत आणि पारखण्याची माणसाकडे ठेवावीत हे योग्य. फुटबॉलच्या नियमांनीही २०१८ साली गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला झालेली शिक्षा एवढ्या चारच बाबतींत व्हिडिओची मदत मान्य केली. शेवटचा शब्द मैदानावरील पंचाचाच ठेवला.

आपल्या वणीच्या किंवा पुसदच्या शाळेच्या मैदानावर बारा कॅमेरे येणार नाहीत. तेथे रेषापंच कोठे उभा राहतो यावर न्याय अवलंबून असतो. हे स्वतः पडताळून पाहा. बाजूच्या रेषेशी काटकोन करणारी एक रेषा मैदानावर फक्कीने आखा. तिच्यावर एकमेकींपासून पाच पावलांवर दोन बाटल्या ठेवा. प्रथम बाजूच्या रेषेवर, आखलेल्या रेषेच्या टोकाशी उभे राहून पाहा. बाटल्या एकामागे एक दिसतील. आता बाजूच्या रेषेवरून चार पावले सरका आणि पुन्हा पाहा. एक बाटली दुसरीच्या पुढे गेलेली दिसेल. प्रत्यक्षात दोन्ही जागच्या जागीच आहेत! मोबाइलने दोन्ही ठिकाणांहून छायाचित्र घेतलेत तर कॅमेराही तसाच फसलेला आढळेल.

पुढच्या सामन्यात रेषापंचाचे काम तुमच्याकडे आले, तर बचावफळीबरोबर धावत राहा. तिच्या रेषेत असलात तरच तुमचे निशाण बरोबर उठेल.