छपराखालचे साठ मीटर

काट्याची पारख व्यापारी माणसाला शिकवावी लागत नाही. वाऱ्याने तागडी हलत असेल, तर ते वजन कोणी खरे मानत नाही. आधी आडोसा करावा लागतो, मग माल तोलला जातो. मैदानी खेळांतही हाच प्रश्न उभा राहतो आणि बंदिस्त मैदानी स्पर्धा हे त्याचे एक उत्तर आहे.

उघड्या मैदानावरील वेगाच्या शर्यतींत पाठीमागचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा अधिक असेल, तर कितीही उत्तम वेळ विक्रम म्हणून नोंदवली जात नाही. विशाखापट्टणमच्या ज्योती याराजी हिने एप्रिल २०२२ मध्ये कोझिकोड येथे १०० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.०९ सेकंदांत पूर्ण केली. त्या वेळी अनुराधा बिस्वाल यांचा १३.३८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम २००२ पासून अबाधित होता. परंतु वाऱ्याचा वेग २.१ मीटर भरला आणि एका दशांशाने विक्रम हुकला. पुढील महिन्यात सायप्रसमधील लिमासोल येथे तिने नियमात बसणाऱ्या वाऱ्यात १३.२३ सेकंदांची वेळ दिली आणि तो विक्रम आपल्या नावे केला.

छपराखाली वाऱ्याची ना मदत, ना सबब. जागा मर्यादित असल्याने तेथे १०० मीटरऐवजी ६० मीटर धावतात. मोठ्या शर्यतींसाठी धावपट्टीचा फेरा ४०० मीटरऐवजी २०० मीटरचा असतो आणि वेग टिकावा म्हणून वळणे बाहेरच्या बाजूने उचललेली असतात. गोळाफेक आणि उड्या होतात. भाला, थाळी व हातोडा यांना मात्र तेथे स्थान नाही. अडथळे दहाऐवजी पाचच. त्यामुळे सुरुवात चुकली, तर पुढे वसुलीला वेळ उरत नाही.

एका शतांशाचे मोल किती, हेही ज्योतीच्याच कामगिरीतून दिसते. २०२३ च्या अस्ताना येथील आशियाई बंदिस्त स्पर्धेत ८.१३ सेकंदांनी तिला रौप्यपदक मिळाले. २०२४ मध्ये तेहरान येथे ८.१२ सेकंदांनी सुवर्ण. त्याच तेहरानमध्ये तजिंदरपाल सिंग तूरने गोळाफेकीत आणि हरमिलन बैन्सने १५०० मीटर शर्यतीत सुवर्णपदके जिंकली. आपल्या महाराष्ट्राचा तेजस शिरसे याने मे २०२४ मध्ये फिनलंड येथे ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.४१ सेकंदांत पूर्ण करून मुंबईच्या सिद्धांत थिंगलाया याचा १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. बंदिस्त ६० मीटर अडथळ्यांचा राष्ट्रीय विक्रमही त्याने आपल्या नावे केला आहे.

ज्योती आणि तेजस या दोघांनी भुवनेश्वरमध्ये सराव केला आहे. तेथील कलिंग क्रीडासंकुलात २०० मीटरची बंदिस्त धावपट्टी उभी राहिली आणि राष्ट्रीय पातळीवरील बंदिस्त स्पर्धा देशातच घेण्याची सोय झाली. युरोपात ही छपरे थंडीमुळे आली. आपल्याला त्यांची निकड पावसामुळे आहे.

माहीम, पालघर, बोईसर या पट्ट्यात जूनपासून मैदाने चिखलात जातात. चार महिने सराव मोडतो. वर्षातील तिसरा हिस्सा दुकान बंद ठेवून धंदा कसा चालेल? आपल्या किनाऱ्यावरील आणि जंगलपट्टीतील चपळ मुलामुलींवर मात्र आपण दरवर्षी नेमके हेच लादतो.

दोनशे मीटरच्या धावपट्टीचा खर्च एखाद्या गावाला झेपणारा नाही. परंतु ६० मीटर धावणे आणि थांबण्यासाठी पुढे पंधरा-वीस मीटर, एवढी सरळ आच्छादित जागा अशक्य नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतील लांबलचक शेड आपल्या नित्य पाहण्यातील आहेत. एखादी वापरात नसलेली शेड, त्यात दोन-तीन मार्गिका आणि योग्य पृष्ठभाग एवढ्यावर सरावाचा प्रारंभ होऊ शकेल. व्यापारी कुटुंबांनी धर्मशाळा, विद्यालये, रुग्णालये उभारली. त्या मालिकेत हे छप्परही शोभून दिसेल.

मात्र केवळ छप्पर पुरणार नाही. दहावी झालेला मुलगा गल्ल्यावर बसतो आणि धावणाऱ्या मुलीचे बूट माळ्यावर जातात, ही रीत आपल्याच घरांत बदलावी लागेल. माहीमच्या बागाईतदाराला हे वेगळे सांगायला नको. पानवेल जोमाने चढावी, तर आधी तिला सावली आणि आधार द्यावा लागतो. पाने त्यानंतर खुडायची असतात.