रस्ते तीन, पैसे एकाचे: आधी कुठला?

"पीएचडी कशात करतेयस?" असं कोणी विचारलं की मी सांगते, ग्रामीण रस्त्यांच्या प्राधान्यक्रमात. त्यावर उत्तर ठरलेलं: "त्यात काय संशोधन? ज्या पुढाऱ्याचं वजन जास्त, त्याचा रस्ता आधी!" ठीक. पण वजन बाजूला ठेवून ठरवायचं झालं, तर कशावर ठरवायचं?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जिल्ह्याकडे एकाच रस्त्यापुरते पैसे आहेत. 'क' हा मोठ्या गावाचा उखडलेला रस्ता, रोज 200 गाड्या. 'ख' हा 300 वस्तीचा पाडा, पावसाळ्यात ओढा भरला की जगापासून तुटतो. 'ग' रस्ता चांगला आहे, फक्त डांबराला भेगा पडू लागल्यात.

पहिली पद्धत लाभ-खर्चाची. वाचलेला वेळ, इंधन, गाडीची झीज यांचे पैसे काढायचे, गाड्यांच्या संख्येने गुणायचं आणि खर्चाने भागायचं. 'क' सहज जिंकतो. 'ख' मात्र कायम तळाशी. रस्ता नाही म्हणून गाड्या नाहीत, आणि गाड्या नाहीत म्हणून रस्ता नाही!

डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेनं गाड्या न मोजता माणसं मोजली. 2001 च्या जनगणनेनुसार सपाट प्रदेशात किमान 500 वस्ती, डोंगराळ, वाळवंटी आणि आदिवासी भागात 250. म्हणजे आपला 'ख' आदिवासी भागात असेल तर पात्र, सपाटीवर असेल तर नाही.

या अटीचा संशोधकांना मात्र फायदा झाला. 490 वस्तीचं गाव आणि 510 वस्तीचं गाव यांत तसा फरक काय? पण रस्ता मिळण्याची शक्यता दुसऱ्याला जास्त. सॅम अ‍ॅशर आणि पॉल नोव्होसाद यांनी अशाच गावांची तुलना केली (2020). लोक शेतीतून बाहेरच्या कामांकडे वळलेले दिसले, पण उत्पन्न, मालमत्ता आणि शेतीत मोठा बदल दिसला नाही. अंजली अदुकिया यांच्यासोबतच्या दुसऱ्या अभ्यासात प्राथमिकनंतर शाळेत टिकणारी मुलं वाढलेली दिसली. गाड्या मोजून ही मुलं कशी दिसणार?

2019 च्या तिसऱ्या टप्प्यात रस्ता बाजार, उच्च माध्यमिक शाळा, दवाखाना यांना जोडतो का, हेही बघितलं जातं.

आणि 'ग'? त्याची फीत कोणी कापत नाही, त्यामुळे तो मागे पडतो. या योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते, पुढची जबाबदारी राज्याची. भेगा वेळेत बुजवल्या नाहीत की पाणी खालच्या थरात शिरतं, आणि मग अख्खा रस्ता नव्याने करावा लागतो.

म्हणून माझं मत असं: तिघांना एकाच तराजूत घालूच नये. आधी देखभालीचा वाटा बाजूला काढा, मग तुटलेल्या वस्त्यांचा. उरलेल्या पैशांसाठी लाभ-खर्च वापरा. वाटे किती, हा राजकीय निर्णय आहे, तो उघडपणे घ्यावा. नाहीतर आकडेवारीच्या आड तो गुपचूप घेतला जातो, आणि बाळंतपणाला अडलेली बाई झोळीतून ओढा ओलांडत राहते.

पुढच्या ग्रामसभेत रस्त्यांची यादी वाचली गेली, तर एवढंच विचारा: "यात नेमकं काय मोजलंय?"