गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली कशी?



उसाच्या अंकात कपाशीची गोष्ट कशाला, असे काहीजण म्हणतील. पण आपल्या भोकरदन तालुक्यात निव्वळ उसावर संसार करणारा सभासद शोधूनच काढावा लागेल. विहिरीच्या पाण्यावर एक-दोन एकर ऊस आणि उरलेल्या रानात कपाशी, मका, थोडी मिरची, ही आपली रीत. डिसेंबरात आम्ही सुरू लागणीच्या नोंदी घ्यायला बांधावर जातो तेव्हा हटकून एकच उत्तर मिळते. "साहेब, पऱ्हाटी अजून हिरवी हाय, कैऱ्या लागल्यात. एक पाणी दिलं तर दोन-तीन क्विंटल निघंल. आत्ताच कशी उपटू?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर द्यायला थोडे मागे जावे लागेल.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. पहिले वाण आपल्याच जालन्याच्या महिको कंपनीचे होते. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातलेले. अळीने पान किंवा बोंड खाल्ले की ते विष तिच्या आतड्यात जाऊन चिकटते आणि अळी मरते. तेव्हा आम्ही कृषी पदविका घेऊन नुकतेच घरी आलो होतो. त्याआधीची वर्षे हिरव्या बोंडअळीने खाल्लेली, फवारून फवारून पंप झिजलेले. बीटीने खरोखर सुख दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक पुडी यायची. त्यात साधे, बिगर-बीटी बी. कपाशीभोवती त्याच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यापैकी जे जास्त भरेल तेवढे लावायचे, असा नियम. आमचे वडील म्हणाले, "अळ्या पोसायला रान द्यायचं व्हय?" पुडी उकिरड्यावर गेली. पदविका खिशात असून आम्ही तोंड उघडले नाही. गावात बहुतेक घरी हेच झाले.

आता ती पुडी कशासाठी होती ते सांगतो. लाखो अळ्यांत एखादीच अशी निघते की जिच्या आतड्यात ते विष चिकटत नाही. कुलूपच बदललेले, तर किल्ली लागणार कशी? पण हा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, तरच अळी बीटीवर तगते. साध्या कपाशीवर वाढलेले भोळे पतंग आसपास भरपूर असले, तर त्या एखाद्या हट्टी पतंगाची सोयरीक भोळ्याशीच जुळते आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरतात. भोळे पतंगच उरले नाहीत तर हट्टी हट्ट्याशी जुळतो. महिना-सव्वा महिन्यात एक पिढी. मग वेळ किती लागणार? गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी अळी असल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २००६ साली आलेल्या दोन जनुकांच्या बीटीवरही पुढे ती दिसू लागली. २०१७ साली तर मराठवाडा-विदर्भात बोंडे फोडली की आत अळी, हे आपण सर्वांनी पाहिले. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली.

आता एक गंमत पाहा. हिरव्या अळीने बीटीवर पुन्हा तसा उच्छाद घातलेला दिसला नाही. ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो, मका, सगळे चालते. म्हणजे आपण पुडी फेकली तरी शेजारच्या तुरीवर तिचे भोळे पतंग आपोआप तयार होत राहिले. गुलाबी अळीचे घर मात्र जवळपास एकटी कपाशी. १८४० च्या सुमारास भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरूनच शास्त्रज्ञांनी तिची पहिली नोंद केली. इतका जुना तिचा आणि कपाशीचा संबंध. एकाच झाडावर जगणारी कीड त्या झाडाला सरावते, झाड बदलले की तीही बदलते. शिवारभर एकच कपाशी लावून आपण तिला दुसरा रस्ता ठेवला नाही. (ऊसवाल्यांनी फार हसू नये. आपल्या नोंदवहीत 'को ८६०३२' खाली किती क्षेत्र आहे ते आम्हाला ठाऊक आहे.)

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून साधी कपाशी नेमाने लावली, तिथे दहा वर्षे बीटी टिकली. २००६ पासून त्यांनी नपुंसक पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये तो देश गुलाबी अळीतून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यांच्याकडे जमले, कारण सगळ्यांनी एकदम केले.

आता फरदडीकडे येऊ. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी उभी ठेवली की अळीला आणखी दोन पिढ्यांचे खाणे मिळते. आपले वाण संकरित असल्याने त्यांच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखे नसते, काहींत मुळीच नसते. म्हणजे अळीला विषाची सवय लावणारी शाळाच. थंडीत ती सरकीत, वाळक्या बोंडात सुप्त पडून राहते. बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या गंजीत ती असते, जिनिंगच्या आवारातही असते. जूनमध्ये पतंग निघतात. तेव्हा रानात पात्या लागलेली कपाशी नसेल तर ते काही दिवसांत मरतात. असेल तर डोमकळ्या दिसू लागतात. आणि फरदडीचा तो दोन-तीन क्विंटल कापूस? निम्मा कवडी निघतो, हे वेचणाऱ्या बायकांना विचारावे.

म्हणून आमचे म्हणणे असे. शेवटची चांगली वेचणी झाली की शेळ्या-मेंढ्या आत सोडाव्यात, उरलेली बोंडे त्या खातील. मग कपाशी उपटून पऱ्हाटी यंत्राने बारीक करावी, गंजी लावू नये. चुलीला लागते हे आम्हाला कळते. पण मग मृगाआधी जाळून संपेल एवढीच घरी न्यावी. रिकाम्या रानात १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी सुरू ऊस लावता येतो. मात्र ज्यांची विहीर मार्चमध्ये तळ गाठते त्यांनी ऊस लावूच नये. ऊस विकास अधिकारी असूनही हे सांगतो. त्यांनी वेळ साधली तर हरभरा घ्यावा, नाहीतर रान नांगरून तापू द्यावे.

बेण्याची मागणी गट कार्यालयात नोंदवताना कपाशी कोणत्या तारखेला उपटली तेही सांगावे. यंदापासून आम्ही ते वहीत लिहून ठेवणार आहोत. पहिली नोंद आमच्या स्वतःच्या रानाची आहे.